जुन्या चित्रातली काचभट्टी आणि मीठघर ओळखायचं कसं?

काचभट्टीचं किंवा मीठघराचं, म्हणजे खारं पाणी उकळून मीठ काढायच्या जागेचं, जुनं चित्र समोर आलं की आपण चेहरे आणि कपडे बघत बसतो. मी आधी सरपण शोधतो. लाकडाची रास कुठे आहे, ती आत कोण नेतोय, भट्टीचं तोंड कुणीकडे आहे, एवढं कळलं की बाकीची माणसं कोणत्या कामाला लागलीत हे उलगडायला लागतं. दोन्ही धंदे आगीवरच चालायचे.

हात बसेपर्यंत सोळाव्या शतकातल्या अॅग्रिकोला या जर्मन लेखकाचा ‘दे रे मेटालिका’ हा खाणी आणि धातूंवरचा सचित्र ग्रंथ घ्या. लेखक गेल्यानंतर काही महिन्यांनी, १५५६ साली तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापला गेला. शेवटच्या, बाराव्या भागात मीठ आणि काच दोन्ही आहेत. चित्रातल्या अवजारांना अक्षरं दिली आहेत आणि त्यांची नावं सोबत आहेत. नवशिक्यासाठी याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

काचेच्या चित्रात घुमटासारखी भट्टी दिसेल, तिच्या भिंतीत छोट्या खिडक्या. प्रत्येक खिडकीच्या आत वितळलेल्या काचेची मूस, म्हणजे आच सोसणारं भांडं, असते. फुंकणी म्हणजे लांब पोकळ लोखंडी नळी. लांब अशासाठी, की हात आणि तोंड आचेपासून दूर राहावेत. आता ती कशी धरलीय ते नीट बघा. तोंडाला लावली असेल तर काच फुगवणं चाललंय. टोकाचा गोळा गुळगुळीत दगडी लादीवर फिरवत असेल, तर त्याला गोल आकार देतोय. नळी खाली लोंबत असेल, तर काच स्वतःच्या वजनाने लांबतेय. भांड्याच्या बुडाला दुसरी सळई चिकटवलेली दिसली, तर फुंकणी सुटलीय आणि आता तोंडाची कड घडवायची पाळी आहे. ही सळई तोडल्याचा खरखरीत वण जुन्या पेल्यांच्या बुडाशी आजही बोटाला लागतो. संग्रहालयात पेला उलटा मांडलेला दिसला तर तो जरूर बघा.

भांडं नेणारा पोरगा नजरेतून सुटू देऊ नका. तयार काच एकदम गार झाली तर बाहेरचा थर आधी आक्रसून घट्ट होतो, आतला मागे राहतो. हा ताण काचेत अडकतो आणि भांडं पुढे कधीही तडकतं. म्हणून ते कमी आचेच्या कप्प्यात हळूहळू निवू द्यावं लागतं. फुंकणाऱ्याची सगळी मेहनत त्या पोराच्या पावलांवर अवलंबून होती, असं मी मानतो.

काळ ठरवायला इंधन उपयोगी पडतं. इंग्लंडमध्ये १६१५ साली काचभट्टीत लाकूड जाळायला मनाई झाली आणि दगडी कोळसा आला. त्याच्या धुराने काच खराब होऊ नये म्हणून पुढे मुशी झाकणाच्या झाल्या.

मीठघरात मधोमध रुंद, उथळ कढई असते. उथळ असली की पाणी लवकर आटतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून जेमतेम ३५ ग्रॅम, तर मीठ बसायला लागतं ते पाण्यात २६ टक्क्यांच्या आसपास मीठ झाल्यावर. म्हणूनच समुद्राहून खारट पाण्याच्या विहिरी आणि झरे एवढे मोलाचे होते. नाहीतर आधी उन्हात पाणी आटवून घ्यायचं. टप्पा ओळखायला हातातलं अवजार बघा. झारा असेल तर मळी काढणं चाललंय; ती वर यावी म्हणून रक्त किंवा अंड्याचा पांढरा बलक घालत. दंताळं किंवा फावडं असेल तर मीठ तळाशी बसलंय. निमुळत्या टोपल्या दिसल्या तर ओलं मीठ निथळत ठेवलंय. सगळं पाणी कढईतच आटवून टाकत नसत, कारण मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटी उरलेल्या पाण्यात राहतात. जोरात उकळलं तर दाणा बारीक, मंद आचेवर ठेवलं तर जाड. म्हणजे दाण्याचा आकार बराचसा आगवाल्याच्या हातात.

अॅग्रिकोलाच्या मीठघरातली माणसं गवती टोपी आणि लंगोटीवर दिसतात, ती उकाड्यामुळे. बाई दिसली तर तिला पाहुणी समजू नका. इंग्लंडातल्या चेशरमध्ये मीठ ओढून टोपल्यांत भरायचं काम बायकाही करत.

चित्राखाली टिपण लिहिताना नुसतं ‘कामगार’ लिहू नका. अवजार आणि क्रिया लिहा: ‘झाऱ्याने मळी काढणारा’, ‘लादीवर काच फिरवणारा’, ‘सरपण आणणारी’. एखाद्याच्या हातातलं अवजार ओळखता आलं नाही, तर तो कुठे उभा आहे तेवढं लिहा आणि पुढच्या माणसाकडे वळा.