तरवड जळतोय? पाण्याआधी मूळ बघा

होटगी रोडनं जाताना बांधावर, माळावर पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं झुडूप दिसतं, तोच तरवड. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आणि उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर, अशा आपल्या सोलापुरात दारात लावावं तर हेच, असं मला मनापासून वाटतं. तरी बऱ्याच बागांमध्ये तो पहिल्या वर्षीच जातो, आणि बहुतेक वेळा लाडानं जातो.

माझा पहिला तरवड मीच मारला. माळावरचं वीतभर रोप उपटून आणलं. वर वीतभर, पण खाली सोटमूळ मुरुमात खोल गेलेलं. ते मध्येच तुटलं. संध्याकाळी पानं मिटली. रोज मिटतातच, पण ती सकाळी उघडली नाहीत. तेव्हा रोप उपटू नका, बी लावा. बियांचं टरफल फार टणक असतं. पॉलिश पेपरवर जरा घासा, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. फुगलेलं बी थेट जागेवरच टोचा. रोप विकत घेणार असाल तर देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी गोल पानं आहेत का बघा. पिवळ्या फुलांची दुसरीच झाडं तरवड म्हणून गळ्यात पडतात.

सगळ्यात मोठा घोळ पाण्याचा. पानं पिवळी पडली की आपण आणखी एक बादली ओततो. थांबा. खोडाजवळ चार बोटं माती उकरा. खाली चिखल असेल आणि बुडाची साल नखानं सुटत असेल, तर मूळ कुजतंय. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. आळं मोडा, पाणी तोडा. नवीन झाड लावताना मुरूम मिसळून वीतभर उंचवटा करा आणि त्यावर लावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरे.

फुलं येत नसतील तर आधी सावली तपासा, मग युरिया बंद करा. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून पावसाच्या तोंडावर हलकी छाटणी करा. पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारू नका. त्या बहुधा पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, आणि झाड पुन्हा फुटतं.

नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे पूजेसाठी थरांनी रचलेला फुलांचा मनोरा, करायला सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांना हीच फुलं लागतात. तेलुगूत याला तंगेडु म्हणतात. शेजारच्या अक्का फुलं न्यायला आल्या की मी एवढंच सांगते, प्रत्येक फांदीचा एखादा तुरा ठेवा. त्याच्या चपट्या शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचंच होतं.