मिठानं घालवलेली मान

फ्लाय, म्हणजे मासे धरायला गळावर पिसं बांधून केलेला खोटा किडा, बांधायला शिकणाऱ्या नव्या पोराला मी आधी एकच विचारतो, पिसं आणलीस कुठनं? पुस्तकातल्या कृतीत तितर, फेझंट, रानकोंबडा असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आपल्या खानापूर भागात तितर बांधावरच ओरडत असतो. मोह होतो. राखी रानकोंबड्याच्या मानेवर तर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट ठिपके असतात, जुन्या सॅमन फ्लायना तीच पिसं लागायची. हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर, लावा, रानकोंबडा सगळे येतात. ‘एक मान मिळते, कुणाला बोलू नको’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच; मान म्हणजे पिसांसकट सोललेलं मानेचं कातडं. तो गुरू नव्हे, तो तुम्हाला कोर्टात उभं करणार.

आणि खरं सांगू? गरजही नाही. तितराच्या जागी गावठी कोंबडीच्या पाठीचं मऊ पीस चालतं. ते पाणी पितं आणि प्रवाहात हलतं. ठिपके पाहिजेत तर पाळलेली गिनी फाउल आहे. तरंगणाऱ्या फ्लायला मात्र कोंबड्याच्याच मानेचं ताठ पीस हवं, त्याचे तंतू गळाचं टोक आणि दांडी यांच्यातल्या फटीच्या साधारण दीडपट. फ्रँक सॉयर या इंग्रज फ्लायवाल्याची प्रसिद्ध निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी फ्लाय, फेझंटच्या शेपटीची, आणि दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार. मी मोराच्या आपोआप गळालेल्या पिसाचे तंतू घेतो, आणि तार मोटर वाइंडिंगवाल्याकडची. तळ्यातल्या चिलापीनं अजून तक्रार केलेली नाही.

आता माझी फजिती. गावच्या जत्रेत एका तांबूस हुंजाची, म्हणजे कोंबड्याची, मान मिळाली. कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, गरम पाण्यात बुडवू नको, मान कोरडीच सोलून दे. इथवर शहाणपणा. पुढं एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, भरपूर मीठ चोळ, सुकव, डब्यात टाक. व्हिडिओतही तेच. मे महिन्यात मान पुठ्ठ्यासारखी कडक झाली. मी खूश.

जुलैत डबा उघडला तर आत घाण वास, कातडं ओलं, आणि पीस ओढलं की चिमटीत सालच यायची.

झालं काय, तर मीठ कातड्यातच राहिलेलं. हवेतला ओलावा पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आषाढात कशी पाझरते? तस्संच. कोरड्या मुलखातल्या माणसाला हे कळणार नाही. पण बेळगावच्या पावसात राहणाऱ्या त्या गृहस्थांना कळायला नको होतं काय? त्यात मी चरबीही नीट काढली नव्हती. कातड्याखालचा तो पिवळा थर खवट होतो, तेल पिसांच्या बुडाला चढतं आणि किड्यांना आवतण मिळतं.

म्हणून आता असं करतो. मान पाटावर उलटी ताणून बोथट चमच्यानं खरवडायची, मानेकडून खांद्याकडे, कातडं निळसर पातळ दिसेपर्यंत. इथं तासभर गेला तरी जाऊ दे. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, पाणी स्वच्छ येईस्तोवर धुवायचं. पिसं चिपकून उंदरासारखी दिसतात, घाबरू नका. गार वाऱ्यावर फुलतात. वाकलेलं पीस किटलीच्या वाफेवर सरळ होतं. पुठ्ठ्यावर कातडं वर करून टाचण्या मारायच्या आणि टाकणखार (बोरॅक्स) चोळायचा, सोनारांना माल देणाऱ्या दुकानात मिळतो तोच. मिठासारखा तो पाझरत नाही. नाकात आणि पोरांच्या हातात तेवढा जाऊ देऊ नका.

पूर्ण वाळल्यावर पिशवीत बंद करून फ्रीजरात चार दिवस, बाहेर दोन दिवस, परत फ्रीजरात चार दिवस. पहिल्या थंडीतून किड्यांची काही अंडी वाचली तर दुसरी थंडी त्यांच्यासाठी. घाईत दुसरी फेरी सोडणाऱ्यांच्या पेटीत पुढं नुसत्या काड्या उरतात.

फ्रीजर आईचा. पिशवीवर ‘पिसं’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि तिनं ती रविवारच्या रश्शासाठी बाहेर काढून ठेवली होती.