कयाकवर जिवंत आमिषाची टाकी: घरी बनवावी की विकत घ्यावी?

गळाला लावायचे आमिषाचे मासे कयाकवरच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीवरच्या) टाकीत मरतात ते बहुधा प्राणवायू कमी पडल्याने किंवा त्यांनीच सोडलेला अमोनिया साठल्याने. म्हणून टाकी कुठलीही असो, तिच्यातले पाणी सतत बदलत राहायला हवे.

पाणी बदलणारा पंप आणि बॅटरी यांची १२ व्होल्टची जोडणी पाण्यात टिकेल अशी करता येत असेल, तर टाकी घरीच बनवा. ती स्वस्त पडते आणि आपल्या कयाकच्या मापाची होते. वायरिंगचा हात नसेल तर तयार टाकी घ्या. मात्र पंप आणि बॅटरी किमतीत धरली आहे का, ते आधी पाहा.

घरी बनवायची तर घट्ट झाकणाचा गोल प्लास्टिकचा डबा निवडा. चौकोनी नकोच, कोपऱ्यांवर आपटून माशांची तोंडे सोलवटतात. २० लिटर पुरे. तेवढ्या पाण्याचेच वजन २० किलो होते आणि ते ओझे तुमच्या पाठीमागे हलत असते.

काठाच्या चार बोटे खाली पाणी बाहेर पडायला भोक पाडा. ते आत येणाऱ्या नळीपेक्षा चांगले मोठे हवे. पंप पाणी जोराने ढकलतो, बाहेर मात्र ते आपल्या उतारानेच जाते. भोक लहान राहिले तर टाकी वरून ओसंडते. भोकात रबरी वॉशर घालून टँक निपल (नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) बसवा, आतून जाळी लावा आणि नळीने पाणी कयाकबाहेर सोडा.

आत येणारी नळी भिंतीलगत तिरकी ठेवा, म्हणजे पाणी गोल फिरते आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून शांत पोहतात. बाहेरचे पाणी ओढणाऱ्या पंपाचे तोंड कयाक हलली तरी पाण्याखालीच राहिले पाहिजे. बांधणीतली खरी कसोटी हीच, तिथे घाई करू नका.

बॅटरी जलरोधक डब्यात ठेवा आणि तिच्या धन टोकाजवळच फ्यूज घाला. पंप दीड अँपिअर घेत असेल तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण चार तास धरा.

टाकी आसनामागे मध्यावर पट्ट्यांनी आवळा. पहिली चाचणी उथळ पाण्यात, भरलेल्या टाकीनिशी घ्या. उरलेले आमिष किंवा टाकीतले पाणी दुसऱ्या पाणवठ्यात सोडू नका, त्यातून रोग आणि परक्या जाती पसरतात. लाटांतून किनाऱ्याला लागायचे असेल तर टाकी आधीच पूर्ण रिकामी करा. अर्धवट पाणी एका कडेला धावते आणि कयाक उलटवते.