नवीन गाडीचं रनिंग-इन, पहिलं ऑइल आणि मायलेजचं गणित

दसऱ्याला नाहीतर पाडव्याला गाडी घरी आली, चाकाखाली लिंबू चिरडून झालं, पेढे वाटून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, पहिले हजार किमी, म्हणजे रनिंग-इनच्या काळात, चालवायची कशी? आणि उत्तर द्यायला सगळेच तयार. सासरे म्हणतात ४० च्या वर नेऊ नका, ऑफिसातला मित्र म्हणतो हल्लीच्या गाड्यांना काही लागत नाही बिनधास्त ताण, आणि शोरूमवाला डिलिव्हरीच्या गडबडीत "काही नाही सर, नॉर्मल चालवा" म्हणून मोकळा होतो. सासरेबुवांचं आणि मित्राचं दोघांचंही चुकतंय, का ते सांगतो.

सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्याला होनिंग म्हणतात. या रेघांमध्ये ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीचे काही शे किमी त्यावर घासत घासत आपली जागा पकडतात. आता गंमत अशी की रिंगला भिंतीवर दाबणारा मोठा जोर तिच्या स्वतःच्या ताणाचा नसतो, वर पेट्रोल जळून जो गॅसचा दाब तयार होतो तो रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे गाडी सतत अगदी फुंकून फुंकून चालवली किंवा सोसायटीत उभी करून तासतासभर नुसती चालू ठेवली तर हा दाबच पुरेसा मिळत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर बसतो आणि मग पुढे गाडी ऑइल प्यायला लागते. उलट पहिल्याच दिवशी रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत, ताणली तर नवीन पार्ट एकमेकांना जोरात घासून नको तिथे गरम होतात. त्यामुळे लोड द्यायचा, पण मध्यम.

पेट्रोल गाडी असेल तर पहिल्या हजार किमीत साधारण ३०००-३५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत राहा, डिझेल असेल तर २५०० च्या आसपास, आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही छापलं असेल तर ते खरं माना. ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबायचा नाही. पण एकाच स्पीडला चिकटूनही राहायचं नाही, म्हणजे एक्सप्रेसवेवर चढलात आणि क्रूझ कंट्रोल लावून खालापूरपासून तळेगावपर्यंत काटा जागचा हलवला नाही असं नको, थोडं ७०, थोडं ९०, मधे पाय काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यायची, परत उचलायची. नवीन गाडी घेऊन लगेच कोल्हापूरला किंवा तुळजापूरला दर्शनाला गेलं तर चालतं का असं सारखं विचारतात. चालतं की, उलट ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंडला रांगण्यापेक्षा असा प्रवास इंजिनाला बराच चांगला, फक्त गाडीत सहा माणसं आणि डिकीत अख्खा संसार भरून नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मायलेजच्या हावेपायी वरच्या गिअरमध्ये गाडी रडवल्याने, आणि हे आपल्याकडे भयंकर कॉमन आहे. चढ आलाय, स्पीड ३० वर आलाय, गाडी चौथ्यात आहे, गिअरची दांडी थरथरतेय, इंजिनातून घर्र घर्र आवाज येतोय आणि चालवणारा मात्र पाय अजून दाबतोय. नवीन गाडी असो की जुनी, असं करू नका, तिसरा टाका, दुसरा टाका, आरपीएम जरा वर गेलं तरी इंजिन सुखी असतं. बोरघाटात किंवा वरंध घाटात ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड वापरावा, तो त्यासाठीच दिलाय.

सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट थांबलात की पुरे, पाच-पाच मिनिटं गरम करत बसायचे दिवस कार्ब्युरेटरबरोबर गेले. पहिले दोन-तीन किमी हळू घ्या. ब्रेक पॅडलाही बसायला वेळ लागतो, पहिले २००-३०० किमी शक्यतो कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, आणि नवीन टायर सुरुवातीला ओल्या रस्त्यावर जरा घसरट असतात हेही लक्षात असू द्या.

आता ऑइल. बहुतेक पेट्रोल गाड्यांना हजार किमी किंवा एक महिना झाला की पहिली फ्री सर्व्हिस असते आणि तिच्यात ऑइल बदलत नाहीत, नुसती तपासणी होते, ऑइल बदल सहसा १०,००० किमी किंवा एक वर्षाला. जुन्या लोकांना हे पटत नाही, कारण पद्मिनी-अँबेसेडरच्या काळात पहिलं ऑइल लवकर काढून टाकायचेच, त्यात धातूचा कीस दिसायचा. तेव्हा मशीनिंगच तसं होतं. आजही थोडा कीस निघतोच पण पुष्कळ कमी, आणि त्यातला मोठा भाग फिल्टर धरून ठेवतो. काही कंपन्या तर फॅक्टरीतून भरलेलं ऑइल लवकर काढू नका असं सांगतात.

माझं मत विचाराल तर हजारला बदलायची घाई नको, पण १०,००० पर्यंत थांबूही नका, ५००० च्या सर्व्हिसला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून टाका. कारण मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूला एक पान असतं जे कोणी वाचत नाही, त्यात लिहिलेलं असतं की सारखा छोटा प्रवास, ट्रॅफिक, धूळ असेल तर ऑइल लवकर बदला. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडला रोज जाणाऱ्याची गाडी सरळ त्या पानावर बसते. तीन-चार किमीच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पूर्ण तापत नाही, न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, टर्बो पेट्रोलमध्ये तर जास्तच. छोट्या गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ किंवा जाड ते, मात्र मॅन्युअलमधलीच. हल्ली कोणाला ०डब्ल्यू-१६ असतं, कोणाला ०डब्ल्यू-२०, कोणाला ५डब्ल्यू-३०, आणि कोपऱ्यावरचा गॅरेजवाला "साहेब हे पाण्यासारखं आहे, जाड टाकतो" म्हणून २०डब्ल्यू-४० ओततो. नाही म्हणा. आजच्या इंजिनातल्या बेअरिंगच्या फटी आणि ऑइल पंप त्या पातळ ऑइलसाठीच बनवलेत, जाड ऑइलने मायलेज तर पडतंच आणि थंडीत वरपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. बिल जपून ठेवा, वॉरंटीला कामाला येतं, आणि काम नसलं तरी फ्री सर्व्हिस चुकवू नका.

याच पहिल्या सर्व्हिसला तुम्हाला इंजिन फ्लश, इंजिन कोटिंग, डीकार्बनायझिंग असं बरंच काही विकायचा प्रयत्न होईल. हजार किमी चाललेल्या इंजिनात कसला कार्बन साफ करणार कोण जाणे. जॉब कार्डवर सही करायच्या आधी वाचा आणि असली लाइन दिसली की खोडायला लावा.

महिन्यातून एकदोनदा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, स्वतः बघा. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी काढून फडक्याला पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. दोन खुणांच्या मधे ऑइल असलं की झालं. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर तेही वाईट, क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते. फडक्यावर उन्हात किंचित चमचम दिसली तर सुरुवातीला घाबरू नका, पण बोटाला खरखरीत लागलं किंवा डोळ्याला तुकडे दिसले तर गाडी थेट सर्व्हिस सेंटरला.

मायलेजवर येतो, खरी रडारड तिथेच असते. ब्रोशरमधला आकडा लॅबमध्ये रोलरवर काढलेला असतो, वेग कमीजास्त करायच्या ठरलेल्या क्रमाने, एसी बंद, टॉप स्पीड ९०. हा आकडा काढणाऱ्या एआरएआय संस्थेच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनाही तो आकडा कर्वे रोडवर मिळत नाही. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के तिथेच गेले. आणि इंजिन नवीन असताना आतलं घर्षण जास्त असतं, ते कमी होत दोन-तीन हजार किमीत मायलेज थोडं सुधारतं. थोडं म्हणजे थोडंच, १२ ची १८ होणार नाही.

मोजायचं टँक टू टँक. ऑटो कट झाला, म्हणजे टाकी भरून नळी आपोआप बंद झाली, की पंपवाल्याला थांबवा, "राउंड फिगर करतो" म्हणून तो वरून अजून टाकतो त्याने हिशोबही बिघडतो आणि पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टरही. ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीवर परत ऑटो कटपर्यंत भरा. समजा ४१२ किमी चालली आणि २७.५ लिटर बसलं, तर मायलेज १५. डिस्प्लेवरचा आकडा सहसा थोडा फुगलेला असतो, आणि एका टँकवरून काही ठरवू नका, तीन-चारची सरासरी घ्या.

टायर प्रेशर डिलिव्हरीच्या दिवशीच तपासा, यार्डात उभ्या गाड्यांमध्ये हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते, ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर आहे त्यावरचा आकडा बघून थंड टायरमध्ये सेट करा. तीन हजार किमीनंतरही मायलेज फारच कमी वाटत असेल तर हायवेवरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला हात लावू नका, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर ब्रेक चिकटतोय. ते नसेल तर तीन-चार टँकची बिलं आणि किमीचे आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि त्यांचा माणूस शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह मागा, नुसतं "ॲव्हरेज देत नाही" म्हटलं की ते "चालवून सेट होईल सर" म्हणून परत पाठवतात.