लहान दुकानाची खपाची यादी कशी करावी

सांगलीत माझं मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे. एक खोली, एक सतरंजी, वर पोटमाळा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दाराशी एक कागद चिकटवते: गेल्या महिन्यात काय खपलं आणि नवं काय आलं. तोच कागद व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना जातो. वाचनालयवाले आणि नवे दुकानदार अधूनमधून विचारतात, की ताई, हे करता कसं? म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवातीला मी नुसतं बिलबुक उघडून प्रती मोजायचे. आकडा मोठा, ते पुस्तक वर. एका महिन्यात एक चरित्र पहिलं आलं, पासष्ट प्रती! यादी बघून एक आई ते घेऊन गेली आणि आठवड्यानं पुस्तक घेऊन परत दारात. "अहो, पोरगं हात लावत नाही याला. पहिल्या नंबरचं ना हे?" होतं खरं पहिल्या नंबरचं. त्यातल्या साठ प्रती एका शाळेनं बक्षीस समारंभाला उचलल्या होत्या. साठ मुलांना ते पुस्तक मिळालं होतं, मागितलं एकानंही नव्हतं.

तेव्हापासून गठ्ठा वेगळा. एका बिलावर एकाच पुस्तकाच्या पाचपेक्षा जास्त प्रती असतील, तर यादीसाठी ती एकच प्रत. वाढदिवसाला वाटायला नेलेल्या पुस्तकांनाही हाच हिशोब. गल्ल्याला गठ्ठा हवाच, भाडं त्यातूनच सुटतं. यादीत मात्र त्याला जागा नाही.

मग बिल फाडताना पुस्तकाच्या नावापुढे एक अक्षर लिहायचं. 'म' म्हणजे मुलानं स्वतः काढलेलं, 'घ' म्हणजे घरच्यांनी निवडलेलं, 'सु' म्हणजे मी सुचवलेलं. कोणतं अक्षर लिहायचं, हे पुस्तक काउंटरवर कोणाच्या हातून येतं त्यावरून कळतं. मुलानं छातीशी धरलेलं असतं आणि बिल करायलासुद्धा सोडत नाही, तो 'म'. आजोबांच्या काखेतून निघतं, तो 'घ'. मधलेही असतात. परवा एक सहा-सात वर्षांचा मुलगा जेसीबीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. वडिलांनी पानं मोजली. "सोळा पानं? पाच मिनिटांत संपेल हे." पुस्तक परत फडताळात गेलं. मुलानं ते काढलं, शेवटचं पान बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वडिलांनी पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा मी न विचारताच बिलावर 'म' लिहून टाकला.

माझ्या यादीत वरचे पाच फक्त 'म'चे. खाली 'घ'चे तीन, वेगळ्या मथळ्याखाली. 'सु' मोजतच नाही, ती आपलीच टिमकी वाजवल्यासारखी होते.

यात एक मेख आहे आणि ती मला पुरानं शिकवली. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा दुकानात आली. खालच्या दोन फळ्या गेल्या, चित्रांच्या पुस्तकांचा लगदा झाला. घाबरून मी सगळा माल कमरेच्या वर चढवला. पुढचे काही महिने यादीत 'घ'च 'घ'. मुलं बदलली नव्हती, त्यांचा हात पोचत नव्हता. आता गुडघ्याच्या उंचीचा चाकांचा रॅक केला आहे, पुस्तकांची तोंडं समोर करून. जुलै लागला की तो रिकामा करून माल पोटमाळ्यावर. म्हणून यादी करताना त्या महिन्यात कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर होतं, हे वहीत लिहून ठेवा. तोंड दाखवणारं पुस्तक नुसता कणा दाखवत उभ्या पुस्तकापेक्षा जास्त जाणारच, त्यात पुस्तकाची कर्तबगारी किती ते तपासावं लागतं. मी दर पंधरवड्याला रॅकवरचा माल बदलते.

एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या हा दुसरा घोळ. 'श्यामची आई' १९३५चं. साने गुरुजी गेले १९५०मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११पासून ते कुणीही छापू शकतं. छापतातही, तऱ्हेतऱ्हेच्या किमतीत. प्रत्येकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, निराळा, त्यामुळे संगणक ती वेगवेगळी पुस्तकं धरतो. मी बेरीज करते आणि पुढे कोणाची छपाई ठसठशीत आहे ते लिहिते. तसं हे पुस्तक मी मुख्य यादीत घेतच नाही, 'सदाबहार' असा निराळा रकाना आहे. नाहीतर आजी-आजोबांच्या कृपेनं वर्षभर तेच वर राहील. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, तेही वेगळं, मासिकांत.

बातम्यांचं काम थोडं. नवं पुस्तक आलं, की आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघा. 'प्रथम आवृत्ती' की 'पुनर्मुद्रण' ते तिथं असतं. नव्या मुखपृष्ठाला भुलून मी एकदा तीस वर्षं जुनं पुस्तक 'ताजं' म्हणून लावलं, आणि एका निवृत्त बाईंनी स्वतःची पिवळी पडलेली प्रत आणून दाखवली. साहित्य अकादमी २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार देते. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मय असतं. नाव जाहीर झालं, की कागदावर चढवण्याआधी वितरकाला फोन करा. प्रती नसलेल्या पुस्तकाची बातमी लावली, की महिनाभर "अजून नाही आलं" म्हणत बसावं लागतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ नोव्हेंबरचा बालदिन यांच्याआधी शाळांच्या मागण्या येतात, तेव्हा साठा महिनाभर आधी.

प्रत्येक पुस्तकाखाली एकच ओळ. 'अप्रतिम', 'संस्कारक्षम' हे शब्द माझ्याकडे बंद. 'वय ७+' पण नाही, कारण आठ वर्षांचं अडखळत वाचणारं मूल ते बघून ओशाळतं. त्याऐवजी मी लिहिते: 'पानावर चार ओळी, जोडाक्षरं मोजकीच, शेवटी मांजर सापडतं.' पालकांना हवं ते त्यात सगळं येतं. मांजराचं फोडल्याबद्दल एका मुलीनं मला झापलं होतं, म्हणून आता शेवट सांगत नाही.

कागद दारावर तीन फुटांवर लावा, मोठ्यांनी वाकून वाचावा. खाली चार रेघा मोकळ्या सोडा, मुलं आपली नावं आणि आपली पुस्तकं लिहितात. पेन्सिल दोरीनं बांधा. सुटी ठेवली तर दोन दिवसांत जाते.