चिमुकल्यांना परीकथेचा सिनेमा दाखवण्याआधी

पोस्टरवर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं असलं म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाला तो सिनेमा झेपेलच असं नाही. या वयात मूल कथेपेक्षा रूपाला घाबरतं. राक्षस मनानं कितीही भला असो, दात दिसले की संपलं! आणि त्याहून वाईट म्हणजे रूपांतर. ओळखीचा, प्रेमळ चेहरा डोळ्यांदेखत अक्राळविक्राळ होतो, ते लहानग्यांना फार लागतं. चिडला की हिरवा, धिप्पाड राक्षस होणाऱ्या ‘हल्क’च्या जुन्या टीव्ही मालिकेवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: नायक चांगला असूनही बालवाडीच्या वयाची मुलं त्याच्या बदलण्याला घाबरत. आई-बाबा हरवणं किंवा मरणं हाही या सिनेमांचा लाडका मसाला, तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं नीट बघा.

ट्रेलरवर विसंबू नका, त्यात गमतीजमतीच जास्त असतात. खलनायकाचा पहिला प्रवेश आणि शेवटची लढाई आधी स्वतः बघा, तीही आवाज चालू ठेवून. निम्मी भीती पार्श्वसंगीतात असते. ‘हे खोटं असतं रे’ म्हणून या वयात फारसं काही साधत नाही. मांडीवर घ्या, आवाज कमी करा, नाहीतर सरळ बंद करा.