वाचलेलं वीजबिल थेट गृहकर्जात

विजेची बचत होते, पण पैसा घरखर्चात विरून जातो. बडोद्यात बिल दोन महिन्यांनी येतं, तेव्हा ते गेल्या वर्षीच्या त्याच बिलाशेजारी ठेवा. जितकं कमी, तितके त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. कर्जात जादा भरण्यासाठी बँकेने ठरवलेल्या किमान रकमेएवढे साठले की कर्जात भरा. अर्जात ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं स्पष्ट लिहा, खरा फायदा तिथेच आहे.

सुरुवात पंख्यांपासून करा. जुना ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) साधारण ३०चा. रोज १२ तास चालला तर पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. एसी २४वर ठेवा.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. स्थिर दर असेल तर आधी विचारून घ्या.